ढीग पेटवण्याआधी बांधापलीकडे बघा



डाळिंबाची छाटणी उरकली, बांधावरची बाभूळ-सुबाभूळ उतरवली, की रानाच्या कडेला फांद्यांचा डोंगर उभा राहतो. मग कुणीतरी म्हणतं, "लावा काडी, रान मोकळं होईल." मुळा कालव्याच्या पट्ट्यात फिरताना हे दर हंगामात पाहतो.

एक अनुभव सांगतो. एका बागेत तेल्या आला होता. "छाटलेल्या फांद्या बागेत ठेवू नका, जाळून टाका," असा सल्ला मीच दिला. सल्ला चुकीचा नव्हता. तेल्याचे जिवाणू रोगट फांद्यांतून पसरतात. पण कुठे, कधी आणि किती जाळायचं, हे मी सांगितलंच नाही. त्या भाऊंनी आठ दिवसांचा माल एकदम बांधावर रचला आणि संध्याकाळी पेटवून दिला. रात्री वारा फिरला. शेजारच्या ठिबकच्या नळ्या वितळल्या, कडब्याची गंजी गेली. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं. त्या दोन घरांचं बोलणं अजून बंद आहे. त्यात माझाही वाटा आहे, म्हणून हे लिहितो.

"राख म्हणजे खतच की साहेब," असं बरेच जण म्हणतात. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, हे खरं. पण तिथली जमीन जांभ्याची, आम्लधर्मी. आपल्याकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू बहुतेक ठिकाणी ८ च्या वर आणि राखही अल्कधर्मीच. राखेत थोडं पालाश उरतं, परंतु नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरातून निघून जातो. ढिगाखालचे जिवाणू आणि गांडुळं भाजतात ती वेगळीच.

मग करायचं काय? जाड लाकूड सरपणाला काढा. काटेरी फांद्या कुंपणाला लावा. निरोगी बारीक फांद्या व पाला यांचे कोयत्याने किंवा यंत्राने तुकडे करून झाडाच्या आळ्यात, बुंध्यापासून थोडे दूर, आच्छादन म्हणून पसरा. खत करायचं असेल तर उसाच्या पाचटाचंच प्रमाण धरा: टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक. ढीग ओला ठेवा. मात्र कच्च्या लाकडाचे तुकडे मातीत गाडू नका. ते कुजताना पिकाचं नत्र ओढून घेतात.

तेल्या किंवा खोडकिडीच्या फांद्या जाळाव्याच लागतात. त्या रोजच्या रोज, थोड्या-थोड्या, खड्ड्यात जाळा. वारा नसताना आणि दिवसाउजेडी जाळा. वर वीजतार नको; जवळ झाड, ऊस किंवा गंजी नको. पाण्याचे दोन ड्रम आणि माणूस शेवटपर्यंत हजर हवा. निखाऱ्यावर पाणी मारल्याशिवाय घरी जाऊ नका.

आता सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना दोन शब्द. तारांखालच्या फांद्या तोडून त्या रस्त्याकडेच्या लिंबाच्या बुडाशीच पेटवल्या जातात. साल होरपळलेलं झाड पुढे वाळत जातं. एक झाड वाचवताना दुसरं मारायचं, हा कुठला कारभार? राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. साध्या प्रकरणात ५ हजार, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये दंड ठरवला. आगीबाबतचा निष्काळजीपणा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली गुन्हा आहे. पण दंडाच्या धाकापेक्षा सोय केलेली बरी. गावाबाहेर फांद्यांसाठी एक जागा ठरवा, बचत गट किंवा शेतकरी गटामार्फत तुकडे करणारं यंत्र भाड्याने फिरवा. ग्रामसभेत हा विषय एकदा तरी घ्या.

आणि ज्यांना रोगट फांद्या जाळायच्याच आहेत, त्यांनी काडी ओढण्याआधी बांधावरून शेजाऱ्याला एक हाक मारावी. त्या भाऊंना एवढंच सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.