उतावळं पाणी

आमच्या धाराशिवचं पाणी जरा उतावळंच. पुस्तकातलं पाणी १०० अंशांची वाट पाहतं, आमचं ९८ लाच उड्या मारायला लागतं. नववीत मी वहीत ९८ लिहिले. सरांनी आधी थर्मामीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोघांत बिघडलेला कोण ते क्षणात ठरवलं. "१०० कर!" मी केले. इथून माझ्या वैज्ञानिक लबाडीला सुरुवात झाली. पुढे लंबक काय, भिंग काय, आधी उत्तर आणि मग वाचनं!

गाव बालाघाटच्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर. हवेचा दाब कमी. दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश लवकर उकळतं. म्हणजे थर्मामीटर शहाणा होता आणि (क्वचित घडतं, पण घडलं) मीही! मात्र हे कळेपर्यंत माझे केस पिकले.

परवा नातीची प्रयोगवही पाहिली. मथळा : 'पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंश असतो हे सिद्ध करणे.' आता तुम्हीच सांगा, उत्तर मथळ्यातच असेल तर पोरांनी स्टोव्ह पेटवायचा कशाला? साहित्य, कृती आणि शेवटी ठरलेला पदार्थ. ही शिऱ्याची पाककृती झाली! आणि आमच्या घरी शिरा बिघडला तर निदान तो बिघडला असं म्हणतात तरी.

उपकरणं नाहीत, पोर्शन संपत नाही, हे मला ऐकवू नका. तेलाचे दोन रिकामे डबे घ्या, बुडाला सारखी भोकं पाडा. एकात काळी माती, दुसऱ्यात मुरूम. पाणी दोन्हींत तेवढंच, वेळही तीच. बदलायची ती फक्त माती. पाणी जास्त कोण धरून ठेवतं, याचा अंदाज पोरांनी आधीच लिहून ठेवायचा. मग तीन-तीनदा मोजायचं आणि येईल ते मांडायचं. अंदाज चुकला तर चुकला, मार्क कापायचे ते खाडाखोडीचे. दुष्काळी जिल्ह्यातल्या पोराला हे उत्तर खरोखर हवं असतं हो! त्याच्या बापाचं शेत त्यावर आहे.

रात्री नातीने स्वयंपाकघरात पाणी उकळलं.

"आजोबा, ९८. काय लिहू?"

माझा हात सवयीने खोडरबराकडे गेला. तोवर तिने शाईने ९८ लिहून खाली ओळही टाकली होती : 'दिवाळीत मुंबईला मावशीकडे पुन्हा करणार. थर्मामीटर हाच नेणार.'