निकाल राखून ठेवला आहे

मुंबई युनिव्हर्सिटीत शिकलेल्यांना निकालाचे तीन प्रकार पाठ असतात. पास, नापास आणि ‘निकाल राखून ठेवला आहे’. पहिल्यात पेढे, दुसऱ्यात रडारड. तिसऱ्यात नेमकं काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. अभिनंदन घ्यायचं की सांत्वन? घरी फोन करून बोलायचं तरी काय?

कॅन्सरच्या उपचारांनंतर ज्या तपासण्या होतात ना, त्यातही हा तिसरा प्रकार असतो. आपण स्कॅनला जातो ते ‘क्लिअर’ आणि ‘परत आलाय’ या दोनच उत्तरांची तयारी करून. आणि हातात येतं ते भलतंच काहीतरी.

आमच्याकडे ते सप्टेंबरमध्ये आलं, गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात. आईला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत सर्व्हायकल कॅन्सर. आईबाबा भातसानगरला असतात. शहापूर तालुक्यात, भातसा धरणाजवळ. बाबांची सगळी नोकरी तिथेच, पाटबंधारे खात्यात झाली. मी डोंबिवलीत, ऑफिस लोअर परळला. रेडिएशन, सोबत केमो, मग ब्रॅकीथेरपी असा आईचा सगळा कोर्स परळला टाटा हॉस्पिटलमध्ये पार पडला. शहापूर, आसनगाव, कसारा लोकल, दादर, टॅक्सी... हा रूट आता आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. कोर्स संपल्यावर तीन महिन्यांनी पेट-सीटी स्कॅन झाला.

शुक्रवारी संध्याकाळी रिपोर्टची पीडीएफ फोनवर आली. डॉक्टर भेटणार मंगळवारी. रिपोर्टच्या शेवटी जे लिहिलं होतं त्याचा सारांश असा : त्या जागी थोडा ‘अपटेक’ दिसतोय, तो उपचारांनंतरचा बदल असू शकतो, पण आजार शिल्लक असण्याची शक्यता नाकारता येत नाही, प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावं, काही काळानं पुन्हा स्कॅन करावा. मी त्याच रात्री आईला फोन केला. म्हटलं, “आजार आहे असं लिहिलेलं नाही. नाही असंही लिहिलेलं नाही.” पलीकडे जरा वेळ शांतता. मग आई म्हणाली, “बरं. जेवलीस का?”

शुक्रवार ते मंगळवार, मधे चार रात्री. या भीतीला आता नावसुद्धा आहे. अमेरिकन लेखक ब्रूस फायलर स्वतः हाडाच्या कॅन्सरमधून गेले. २०११ साली ‘टाइम’ मासिकात लिहिताना त्यांनी ‘स्कॅन्झायटी’ हा शब्द वापरला. स्कॅन आणि अँग्झायटी यांची भेळ. नाव मिळालं म्हणून झोप लागत नाही, पण असं होणारे आपण एकटेच नाही एवढं तरी कळतं.

त्या चार रात्रींत मला एका गोष्टीचा उपयोग झाला. हे मशीन बघतं काय, ते समजून घेण्याचा. पेट स्कॅनला कॅन्सर ओळखता येत नाही. त्याला दिसते ती साखर. स्कॅनआधी किरणोत्सारी अणू जोडलेली ग्लुकोजसारखी साखर शिरेतून देतात, आणि साधारण तासाभरानं कुठल्या पेशींनी ती जास्त खाल्ली याचा फोटो काढतात. कॅन्सरच्या पेशी खादाड, त्यामुळे त्या चमकतात. पण जिथे सूज आहे, इन्फेक्शन आहे, रेडिएशननंतर जखम भरून येतेय, तिथेही साखर लागतेच. आपल्याकडे टीबीच्या गाठीसुद्धा अशाच चमकतात. ओटीपोटात तर आणखी घोळ. ती साखर लघवीवाटे बाहेर पडते, म्हणजे मूत्राशय चमकणारच. रेडिएशननंतरचा पहिला पेट स्कॅन लगेच न करता तीनेक महिने थांबून करतात, तो याचसाठी. तरीही कधीकधी धूर पुरता विरलेला नसतो.

मंगळवारी डॉक्टरांनी आईला तपासलं. हाताला काही वेगळं लागलं नाही. मग तुकडा काढून बघायचा का, असं मी विचारलं. ते म्हणाले, रेडिएशन झालेल्या जागेची जखम लवकर भरत नाही, त्यामुळे सबळ कारण असल्याशिवाय तिथे हात लावत नाही. तीन महिन्यांनी परत स्कॅन. तोवर थांबायचं.

‘थांबायचं’ हा शब्द ऐकून आमच्या पिढीचा जीव जातो. आपल्याला पिझ्झा अर्ध्या तासात लागतो. उशीर म्हणजे नुकसान, हे डोक्यात पक्कं. पण दरवेळी तसं असतं असं नाही. ओव्हरीच्या, म्हणजे बीजकोशाच्या कॅन्सरबाबतचा एक मोठा अभ्यास २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार संपल्यावर ज्यांच्या रक्तातलं ‘सीए-१२५’ वाढलं, अशा ५२९ बायकांचे दोन गट केले. एका गटाला आकडा वाढताच केमो, दुसऱ्याला त्रास सुरू झाल्यावर. पहिल्या गटाची केमो जवळजवळ पाच महिने आधी सुरू झाली. आयुष्य मात्र त्यामुळे वाढलं नाही. दोन्ही गट साधारण सारखेच जगले.

आता यावरून ‘मग तपासणीला जायचंच कशाला’ असा अर्थ काढू नका प्लीज. तो अभ्यास एका कॅन्सरचा आणि रक्तातल्या एका आकड्याचा. सर्व्हायकल कॅन्सर त्याच जागी परत आला आणि वेळेत सापडला, तर काही जणींना ऑपरेशनचा पर्याय असतो. त्यामुळे तारीख चुकवायची नाही. पण दिलेल्या तारखेपर्यंत थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणंही नव्हे.

बाबांना हे माझ्याआधी कळलं. भातसाचं पाणी म्हणजे मुंबईला मिळणाऱ्या पाण्याचा जवळजवळ अर्धा वाटा. पावसाळ्यात तुम्ही पेपरात सात तलावांची पातळी वाचता ना, त्यातला सगळ्यात मोठा आकडा आमच्या घरामागचा. बाबा म्हणाले, “एका रीडिंगवरून काय कळतं गं? कालचं काय, परवाचं काय, वरून पाणी किती येतंय, ते बघायला लागतं. आणि पट्टी रोज त्याच जागी वाचायची.” टाटाच्या डॉक्टरांनी जवळपास तेच सांगितलं, फक्त इंग्लिशमध्ये. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच सेंटरमध्ये, त्याच पद्धतीनं करा, आणि जुनी सीडी सोबत न्या, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून बघता येईल.

त्या दिवशी आम्ही चार प्रश्न कागदावर लिहून नेले होते. हे जुन्या स्कॅनशी ताडून बघितलंय का? हे दुसरं काय काय असू शकतं? थांबलो तर काय बिघडू शकतं? आणि तारखेच्या आधी कुठल्या त्रासासाठी यायचं? चौथ्याचं उत्तर आता फ्रिजवर चिकटवलंय : पुन्हा रक्तस्राव किंवा घाण वासाचा स्राव, एका पायाला सूज, कंबर किंवा ओटीपोटाचं न थांबणारं दुखणं, उगाच घटणारं वजन. यातलं काही झालं, तर डिसेंबरची वाट बघायची नाही.

पाचवा प्रश्न यादीत नव्हता. तो आईनंच विचारला. “आणि असलंच, तर?” डॉक्टरांनी तो टाळला नाही. कुठे आणि किती आहे त्यावर ऑपरेशन, केमो, इम्युनोथेरपी, असं एकेक समजावून सांगितलं. सगळेच पर्याय पूर्ण बरं करणारे नसतात, हेही सांगितलं. बाहेर आल्यावर आई म्हणाली, “आता बरं वाटतंय.” मला वाटलं होतं ती रडेल. पण अंधारात पायरी किती खोल आहे ते कळलं, की पाय टाकायला धीर येतो बहुधा.

बाहेर बाकावर दोघीजणी भेटल्या. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या. एकीचा असाच राखून ठेवलेला निकाल पुढच्या स्कॅनला निवळला होता. दुसरीचा नाही. तिची केमो परत सुरू झाली होती. दोघी एकाच डब्यातली चपाती खात होत्या. आईनं त्यांना घरची चटणी दिली.

घरी मात्र नियम करावे लागले. फाइल आणि फोन माझ्याकडे, प्रवास भावाकडे. रात्री नऊनंतर स्कॅनचा विषय बंद. टक्केवारी आईला सांगायची नाही, तिनंच तसं बजावलंय. आणि नातेवाइकांना एकच वाक्य : “डिसेंबरला परत बोलावलंय.” यावर ‘म्हणजे काय’ विचारणाऱ्याला चहा द्यायचा.

खरा पेच होता भावाच्या लग्नाचा. मुलगी ठरलेली. सगळ्यांचं म्हणणं, रिपोर्ट क्लिअर आला की तारीख काढू. आई ऐकेना. टाटामध्ये तिनं ऐकलं होतं, पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी तपासणी. “म्हणजे पाच वर्षं हा असाच ठेवायचा का?” तिनं सरळ विचारलं. “त्याच्या डोक्यावर केस राहतील का तोवर?” घरात बऱ्याच दिवसांनी सगळे एकदम हसले.

तिला भीती वाटत नाही असं नाही हं. मी शनिवारी जाते तेव्हा पहाटे ती ओट्यावर एकटीच बसलेली दिसते. मी शेजारी जाऊन बसते. कधी बोलतो, कधी नाही. ‘काही होणार नाही गं’ असं मी म्हणत नाही, कारण ते मला माहीत नाही आणि तिला ते कळतं. “आज काय करायचं जेवायला?” हा प्रश्न त्यापेक्षा जास्त कामी येतो.

तुमच्याही घरी असा निकाल राखून ठेवलेला असेल, तर एवढंच सुचवते. पुढची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि तिच्या अलीकडचे रकाने रिकामे ठेवू नका. आमच्याकडे स्कॅन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. लग्न त्याच्या आधी, नोव्हेंबरच्या शेवटी. शहापूरचा हॉल बुक झालाय. आईनं साडी फॉल-पिकोला टाकलीये.