नियम सगळ्यांना सारखा, पण घर बदलायची वेळ कोणावर?

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत राहतो. त्याच्या ग्रीन कार्डाची दहा वर्षांची मुदत संपत आली, म्हणून त्याने वेळेत नूतनीकरणाचा अर्ज भरला, फी भरली, पावतीचे पत्र आले. इथपर्यंत सगळे सुरळीत. तेवढ्यात घरमालकाने खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. मालक मराठीच. गणपतीला जेवायला बोलावणारा. चौदा एप्रिलला भाऊ-वहिनीने घरात बाबासाहेबांची जयंती केली, आणि पुढच्याच आठवड्यात मालकाचे 'नातेवाईक राहायला येणार' असे ठरले. ते नातेवाईक काही आले नाहीत. जातीवरून काढले याचा पुरावा आहे का? नाही. पुरावा मागे राहणार नाही, अशाच पद्धतीने हे केले जाते.

भावाने टपाल खात्याला नवा पत्ता दिला आणि काम झाले असे समजला. पण इमिग्रेशन खात्याने पाठवलेले कार्ड अमेरिकेचे टपाल खाते नव्या पत्त्यावर वळवत नाही, परत पाठवते. कार्ड परत गेले. पावतीच्या पत्रावर प्रवास करता येतो हे त्याला माहीत होते, तरी "ताई, विमानतळावर काही बालंट आले तर?" या धास्तीने तो मावशीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आला नाही.

आमच्याच शिकलेल्या मित्रांची यावरची प्रतिक्रिया ठरलेली : "नियम वाचायला नको का? नियम तर सगळ्यांना सारखाच आहे."

जरा तपासू. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार परदेशी नागरिकाने घर बदलल्यापासून दहा दिवसांत सरकारला नवा पत्ता कळवायचा असतो. न कळवणे हा गुन्हा आहे. तीस दिवसांपर्यंत कैद होऊ शकते, हद्दपारीचीही तरतूद आहे. आणि सरकारची स्वतःची मुदत? सप्टेंबर २०२४ पासून नूतनीकरणाच्या पावतीवर जुन्या कार्डाची वैधता ३६ महिने वाढवून मिळते. म्हणजे आपल्याला किती वेळ लागू शकतो हे सरकारला पक्के ठाऊक आहे. स्वतःसाठी छत्तीस महिने, भाडेकरूसाठी दहा दिवस! स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्याला हा नियम कधी आठवावाही लागत नाही. ज्याला मालकाच्या मर्जीवर बिऱ्हाड उचलावे लागते, त्याच्याच डोक्यावर तो टांगलेला असतो. याला सारखेपणा म्हणायचे?

आणि घर कोणाला वारंवार सोडावे लागते, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. न्यूयॉर्क-लंडनला शिकून बडोद्यात नोकरीला गेलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. शहरातल्या मित्रांनीही घरात घेतले नाही. शेवटी मुंबई गाठावी लागली. हा प्रसंग त्यांनी ज्या आठवणींत लिहिला, त्यांचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. पदवी होती, नोकरी होती, पत्ता तेवढा नव्हता. आज पुण्या-मुंबईत खोली बघायला गेलेल्या आपल्या पोराला आधी आडनाव विचारतात. तोच मालक अमेरिकेत गेला की विचारत नाही, भिंतीवरचा फोटो बघतो.

म्हणून घरभाड्यातली जात ही 'वैयक्तिक आवड' नाही. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने बंदी घातली, त्यात घरेही येतात. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात विधिमंडळाने असे विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी ते नाकारले. आधीचे कायदे पुरेसे आहेत, असे कारण दिले. पुरेसे असते तर आपल्या माणसाला जयंती झाल्यावर ट्रक का बोलवावा लागतो?

लढाई लांबची आहे, तोवर आपले माणूस अडकू नये. परदेशातल्या बांधवांनी एवढे करावे : घर बदलताच इमिग्रेशनच्या ऑनलाइन खात्यातून पत्ता बदला, प्रलंबित अर्जावरचा पत्ता बदलला का तेही पाहा. टपाल खात्याला कळवले म्हणजे झाले, असे समजू नका. पोच जपून ठेवा. कार्डाची मुदत संपली म्हणून कायम रहिवासाचा हक्क संपत नाही, हे लक्षात ठेवा आणि घाबरू नका. आणि तिथल्या आपल्या संघटनांनी जयंतीच्या कार्यक्रमात अर्धा तास या कागदांसाठी ठेवावा. भाषणे ऐकून घरी गेलेल्या माणसाला घरच राहिले नाही, तर ती जयंती कोणाच्या कामाची?

मावसभावाची चूक एवढीच की त्याला एक नियम माहीत नव्हता. मालकाला तर सगळे नियम माहीत होते. शिक्षा मात्र कोणी भोगली, ते वर लिहिलेच आहे.

जय भीम!