पाकिटात जिवंत बिया किती? परसबागेतील गोड मक्याच्या बियाण्याविषयी मागणीपत्र

प्रति,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे;
राज्यातील चारही कृषी विद्यापीठांचे मा. कुलगुरू;
बियाणे कंपन्या, बियाण्याची पाकिटे भरणारे व्यावसायिक आणि कृषी सेवा केंद्रांचे चालक.

विषय : परसबाग व गच्चीबागेसाठी गोड मक्याचे परवडणारे आणि खात्रीचे बियाणे मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही घरामागच्या परसात, सोसायटीच्या गच्चीवर आणि कुंपणालगतच्या चिंचोळ्या पट्टीत भाजी पिकवणारी माणसे आहोत. आमच्यातील काहींच्या नावावर सातबाराही आहे, पण हे पत्र आम्ही चार वाफे आणि वीस ग्रो बॅगांचे मालक म्हणून लिहीत आहोत. स्वीट कॉर्नच्या मूठभर बियांसाठी मागणीपत्र कशाला, असे कोणाला वाटेल. मेथी, कोथिंबीर, पालक यांच्या बियाण्याबद्दल आमचीही तक्रार असते, पण ती आम्ही गिळतो. अर्धे उगवले नाही तर पुन्हा मूठभर फेकतो आणि आठवड्यात विसरतो. मक्याचे तसे होत नाही, आणि या मागणीपत्राचे कारण तेच आहे.

मक्याचे परागीभवन वाऱ्यावर होते. तुऱ्यातून पडलेले पराग कणसाच्या प्रत्येक केसावर पोचावे लागतात, कारण एक केस म्हणजे एक दाणा. शेतात हजारो झाडे असतात, पराग कमी पडत नाहीत. गच्चीवर सोळा झाडे असतात, म्हणून ती एका ओळीत न लावता चार बाय चारच्या चौकटीत लावावी लागतात. 60 बाय 20 सेंटिमीटर अंतर धरले तर ही चौकट जेमतेम दोन चौरस मीटरची होते. त्यात सहा-सात नांग्या पडल्या तर उरलेल्या झाडांवरची कणसेही दातपडकी निघतात. नांग्या भरायला दहा दिवसांनी पुन्हा बी टोकले तर त्या झाडांचे तुरे उशिरा येतात आणि पहिल्या झाडांच्या काही कामाचे राहत नाहीत. न उगवलेली बी आमच्याकडून अशी दोनदा पैसे वसूल करते.

म्हणूनच ‘स्वस्त बियाणे’ म्हणजे काय, हे एकदा हिशेबाने ठरवले पाहिजे. समजा, 30 बियांचे एक पाकीट 60 रुपयांना आहे आणि त्यातील निम्म्याच बिया उगवतात. रोपे 15, म्हणजे रोपामागे 4 रुपये. दुसरे पाकीट 90 रुपयांचे आहे, बिया तेवढ्याच, उगवण 85 टक्के. रोपे 25, रोपामागे 3 रुपये 60 पैसे. महाग दिसणारे पाकीट स्वस्त ठरले, आणि चौकट भरली हा फायदा वेगळाच. पण हा हिशेब दुकानात उभे राहून करायचा तर पाकिटावर तीन आकडे हवेत : बियांची संख्या, उगवणीची टक्केवारी आणि ती तपासल्याची तारीख. छोट्या पाकिटांवर हे तिन्ही एकत्र क्वचितच दिसतात. किंमत आणि पिवळ्याधमक कणसाचा फोटो मात्र न चुकता असतो.

उगवणीचा आकडा या पिकात इतका महत्त्वाचा का, हेही नोंदवतो. आज बाजारात ‘सुपर स्वीट’ म्हणून जो मका मिळतो, त्यातील बहुतेक वाणांचा गोडवा ‘श्रंकन-टू’ या जनुकातून आलेला आहे. या जनुकामुळे दाण्यात साखरेचा स्टार्च पुरेसा बनत नाही, हे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे जॉन लॉफनन यांनी 1953 साली दाखवले आणि पुढे त्यातून व्यापारी वाण निघाले. कणीस तोडल्यावरही त्याची साखर लवकर उतरत नाही, म्हणून हातगाडीवाल्यापासून मॉलपर्यंत सगळ्यांना तो सोयीचा. याची किंमत बी मोजते. स्टार्च कमी असल्याने वाळलेला दाणा सुरकुततो, हलका होतो आणि कोंब वर येईपर्यंत पुरेल इतकी शिदोरी त्याच्यात उरत नाही. माती 16 अंशांपेक्षा थंड असली किंवा पाणी जास्त झाले, तर तो कुजतो. दमट, गरम दुकानात काही महिने पडून राहिला, तर साध्या मक्यापेक्षा लवकर मरतो. (जाता जाता : ‘सुपर स्वीट’च्या पाकिटात टपोरे, गुळगुळीत दाणे दिसले तर खूश होऊ नये, तो बहुधा गोड मका नसतोच. सुरकुतलेला दाणा बघून ‘बी खराब आहे’ म्हणून परत करणारे सभासदही आमच्यात आहेत.)

आमची पहिली आणि सर्वांत मोठी मागणी यातूनच येते. पाकीट कितीही लहान असो, त्यावर वाणाचे नाव, लॉट क्रमांक, बियांची संख्या, उगवणीची टक्केवारी, चाचणीची तारीख आणि वापराची मुदत छापलेली असलीच पाहिजे. यात नवीन काही मागत नाही. 1966चा बियाणे कायदा अधिसूचित वाणांच्या बियाण्याला किमान उगवण, शुद्धता आणि लेबल यांची अट घालतो. 1983च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार बियाणे विकायला परवाना लागतो, दुकानात साठा आणि दर यांचा फलक लावावा लागतो आणि ग्राहकाला पावती द्यावी लागते. प्रमाणित बियाण्याची मुदत साधारणपणे चाचणीपासून नऊ महिने धरली जाते. हे सगळे नियम चार किलोच्या पिशवीला जेवढे लागू, तेवढेच तीस बियांच्या पुडीलाही. तरी पुडीकडे कोणी बघत नाही. वैधमापनाच्या 2011च्या नियमांत तर 10 ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाच्या पाकिटांना सूटच आहे. बिस्किटाच्या नमुन्याला ती ठीक असेल, पण गोड मक्याच्या 10 ग्रॅममध्ये सत्तर-ऐंशी बिया बसतात, म्हणजे एका घराचा अख्खा हंगाम. बियाण्यापुरती ही सूट काढावी, अशी शिफारस कृषी विभागाने ग्राहक व्यवहार खात्याकडे करावी. आणि 1966च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याचे प्रयत्न 2004च्या विधेयकापासून चालू आहेतच, तेव्हा पुढच्या कोणत्याही मसुद्यात छोट्या पाकिटांचा स्पष्ट उल्लेख राहील, याचा पाठपुरावा राज्याने करावा.

विभाग म्हणेल की बियाणे निरीक्षकांना खरिपात कापूस आणि सोयाबीनच्या बोगस बियाण्यामागे धावताना उसंत नसते. ते आम्हाला मान्य आहे. शेतकऱ्याचे बुडालेले वर्ष आणि आमची बुडालेली कुंडी यांची तुलना आम्ही करणार नाही. पुणे, नागपूर आणि परभणी येथील बियाणे चाचणी प्रयोगशाळांकडे वर्षातून एकदा, मे महिन्यात, शहरांतल्या नर्सऱ्यांमधून आणि ऑनलाइन विक्रीतून घेतलेले मोजके नमुने पाठवावेत आणि निकाल वाणाच्या व विक्रेत्याच्या नावासह जाहीर करावेत, इतकेच आम्ही म्हणतो. नाव छापले जाईल या भीतीचा परिणाम छाप्यांपेक्षा जास्त होईल, असा आमचा अंदाज आहे.

दुसरी मागणी पाकिटावरच्या बढायांबद्दल आहे. ‘जीएमओ-मुक्त’ हा शिक्का मारून मक्याचे पाकीट दीडपट दराने विकले जाते. भारतात व्यापारी लागवडीसाठी जनुक-बदल केलेल्या मक्याला परवानगीच नाही. 2002 साली बीटी कापसाला मिळाली, मक्याला नाही. मग सगळाच कायदेशीर मका ‘मुक्त’ आहे, त्याचे जादा पैसे कशाचे? ‘देशी स्वीट कॉर्न’ हाही असाच प्रकार. संकरित वाणाला देशी म्हणणे फसवणूक आहे, आणि संकरित असण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. रंगीबेरंगी मण्यांसारख्या दाण्यांचा फोटो लावून ‘इंद्रधनुषी स्वीट कॉर्न’ विकणारे तर कहर करतात. त्या काचेसारख्या दाण्यांचा मका लाह्यांच्या आणि पिठाच्या जातीचा आहे. तो उकडून खायला बसलेल्या मुलांची तोंडे आम्ही पाहिली आहेत. अशा दाव्यांवर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने खुलासा मागवावा आणि संकेतस्थळांवरून बियाणे विकणाऱ्या प्रत्येकाचा परवाना क्रमांक त्या वस्तूच्या माहितीतच दिसेल, अशी सक्ती करावी.

तिसरी मागणी छोटी आहे, पण तिच्यावर तडजोड नाही. बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावलेल्या बियांच्या पाकिटावर तसे मराठीत, ठळक अक्षरांत लिहावे. अमेरिकन लष्करी अळी 2018 साली देशात आल्यापासून मक्याला कीटकनाशकाची बीजप्रक्रिया वाढली, त्याचे कारण आम्ही समजतो. पण मोठ्या पिशवीवरचा धोक्याचा इशारा पुडी भरताना गळून पडतो आणि गुलाबी रंगाच्या बिया लहान मुलांच्या हातात जातात. घरबागेत बी टोकण्याचे काम हौसेने मुलेच करतात.

आता पाकिटाच्या आकाराबद्दल. गोड मक्याच्या एक किलोत सात-आठ हजार बिया असतात, आम्हाला हव्यात पन्नास. म्हणून कृषी सेवा केंद्राचा ओळखीचा चालक पिशवी फोडून कागदाच्या पुडीत मूठभर बी बांधून देतो. त्याचा भाव ऑनलाइन पाकिटाच्या पावपटही नसतो. खरे सांगायचे तर आमच्या बहुतेकांची चांगली कणसे याच पुडीतून आली आहेत, आणि त्या चालकांना आम्ही दोष देणार नाही. पण या पुडीला ना लॉट क्रमांक, ना पावती, आणि बी उगवले नाही तर दाद कोणाकडे मागायची? कंपन्यांनी आपल्या नेहमीच्या वाणांची 50 बियांची सीलबंद, ओल न शिरणारी पाकिटे जून आणि ऑक्टोबर अशा दोन हंगामांत केंद्रांपर्यंत पोचवावीत. लहान पाकिटाचा भरणीखर्च जास्त पडतो, हे उत्तर आम्ही ऐकून आहोत. पडतो, आणि तो रास्त प्रमाणात द्यायची आमची तयारी आहे. मोठ्या पिशवीच्या दरावर किती अधिभार लागला हे मात्र दिसावे, म्हणून दर बीमागे छापावा.

विद्यापीठांकडून आमची अपेक्षा वेगळी आहे. सार्वजनिक संस्थांनी गोड मक्यावर काम केलेले आहे. हैदराबादहून ‘माधुरी’ आणि ‘प्रिया’ हे संमिश्र वाण आले, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा सुपर स्वीट कॉर्न’ हे संकर दिले. पण पुण्या-नाशिकच्या घरबागवाल्याला त्यांची पुडी कुठे मिळते? राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील विद्यापीठांच्या बियाणे विक्री केंद्रांवर, तसेच महाबीजच्या विक्रेत्यांकडे, सार्वजनिक वाणांची छोटी पाकिटे ठेवावीत. संमिश्र वाणांना आम्ही मुद्दाम प्राधान्य मागतो, कारण त्यांचे बी धरता येते. अर्थात सोळा झाडांतून नाही. इतक्या कमी झाडांत बी धरत गेले तर दोन-तीन पिढ्यांत झाडे खुजी आणि कणसे आखूड होतात. शंभरेक झाडे एकत्र हवीत आणि आसपास दुसरा मका नको. त्यासाठी महापालिकांच्या उद्यान विभागांनी प्रत्येक शहरात दोन-तीन गुंठ्यांची एक जागा हंगामापुरती द्यावी, बी धरण्याचे काम आमचे सभासद करतील. 2001चा वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा स्वतः जमीन कसणाऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा आणि वाटण्याचा हक्क देतो. तो गच्चीवर माती वाहून नेऊन कसणाऱ्यालाही लागू आहे, असे विभागाने एका परिपत्रकाने स्पष्ट करावे.

तक्रारीचा मार्ग आहे, पण तो कोणाला माहीत नाही. राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, असे ठरवले. आम्ही तर सरळसरळ ग्राहकच आहोत. तरी 60 रुपयांच्या पाकिटासाठी कोणी आयोगाची पायरी चढत नाही, आणि विक्रेत्यांचे फावते ते तिथेच. पावती आणि पाकिटाचा फोटो पाठवला की तालुका कृषी अधिकाऱ्याकडे नोंद होईल आणि एका लॉटविरुद्ध ठरावीक तक्रारी जमल्या की नमुना आपोआप तपासला जाईल, अशी सोय हवी.

आमच्या बाजूने काय? प्रत्येक फसलेल्या उगवणीचे खापर आम्ही बियाण्यावर फोडणार नाही. डिसेंबरच्या थंडीत टोकलेली बी, रोज दोनदा घातलेले पाणी, शेजारच्या शेतातील साध्या मक्याचा पराग बसून पिठूळ झालेले दाणे हे दोष बियाण्याचे नसतात. आमची संघटना सभासदांना एकाच नमुन्याचा नोंदतक्ता देईल : वाण, लॉट, टोकणीची तारीख, टोकलेल्या बिया, दहाव्या दिवशीची रोपे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून दाखवून दिले की सामान्य माणसाच्या नोंदीही शास्त्राच्या कामी येतात. या नोंदी आम्ही दर हंगामाअखेर विद्यापीठांच्या मका संशोधकांना विनामूल्य देऊ, मात्र त्या स्वीकारण्यासाठी एक अधिकारी नेमावा.

वरील मागण्यांपैकी पाकिटावरची माहिती आणि बीजप्रक्रियेचा इशारा या दोन बाबींवर येत्या मृगाच्या पेरणीआधी लेखी उत्तर मिळावे. त्यांना नवा पैसा किंवा नवा कायदा लागत नाही. बाकीच्या मागण्यांसाठी आमचे प्रतिनिधी आयुक्तालयात चर्चेला येण्यास तयार आहेत, येताना बाजारातून घेतलेली पाकिटे आणि त्यांच्या उगवणीच्या नोंदी सोबत आणतील.

आपले,
परसबाग व गच्चीबाग करणाऱ्यांच्या संघटनेचे पदाधिकारी व सभासद