खासी लोकांनी रस्त्याला ‘हो’ म्हटलं होतं

रस्ता कशाला, असं आपण नुसतं विचारलं तरी साहेब लोक बोलतात, आदिवासी विकासाच्या आड येतो. त्यांना तिरोत सिंगची गोष्ट सांगायला पाहिजे.

आता मेघालय म्हणतात तिथल्या खासी डोंगरात नोंगख्लाव नावाचं राज्य होतं. तिरोत सिंग तिथला सियेम, म्हणजे राजा. पण जमीन राजाची नव्हती, लोकांची होती. दरबाराला, म्हणजे लोकांच्या सभेला, विचारल्याशिवाय त्याला काही ठरवता येत नसे.

1826 साली आसाम इंग्रज कंपनीच्या हातात आला. सिल्हेटचा मुलूख त्यांच्याकडे आधीच होता. मधे खासींचे डोंगर. तिथून रस्ता काढू द्या, असं डेव्हिड स्कॉट साहेबाने मागितलं. दरबार दोन दिवस बसला आणि हो म्हणाला. बदल्यात खाली आसामच्या सपाटीतले दुआर, म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा मुलूख, आणि मोकळा व्यापार मिळणार होता.

रस्ता सुरू झाला. बंगले उठले, शिपाई आले. दुआर काही मिळाले नाहीत. तिरोत सिंग माणसं घेऊन ताबा घ्यायला गेला, तर कंपनीच्याच शिपायांनी वाट अडवली. त्यात एक चपराशी बोलून गेला की रस्ता झाला की डोंगरावर पट्टी बसणार. 4 एप्रिल 1829 ला खासींनी नोंगख्लाववर हल्ला केला. दोन इंग्रज अधिकारी मेले.

पुढे जवळजवळ चार वर्षं तलवार आणि धनुष्यबाण घेऊन लढले. कंपनीने गावं जाळली, बाजार तोडले. आमच्या मते बंदुकीपेक्षा उपासमारीनेच त्यांना जास्त मोडलं. जानेवारी 1833 मधे तिरोत सिंग शरण आला. त्याला ढाक्याला कैदेत ठेवलं, तिथेच 1835 साली तो गेला. डोंगरावर कंपनीचा अंमल बसला.

दरबाराने आधीच नाही म्हणायचं होतं, असं आमच्यातले काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. त्यांनी सभा घेतली, नीट विचार केला. पण त्यांचा होकार एका रस्त्याला होता, कंपनीने तो बंगल्यांना, शिपायांना, सगळ्याला धरला. आणि वचन मोडल्यावर दाद मागायची तर मोडणाऱ्याकडेच.

म्हणून ग्रामसभेच्या ठरावात कशाला हो म्हटलं ते लिहा, आणि कशाला नाही तेही लिहा. नक्कल मागितली की ‘नंतर देतो’ म्हणतात. आम्ही आता तिथेच बसून हाताने उतरवून घेतो.