साथ आली, साथ सुटली

मराठी भाषेने एकाच शब्दात दोन विरुद्ध गोष्टी साठवून ठेवल्या आहेत. 'साथ' म्हणजे गावावर आलेले रोगाचे संकट. आणि 'साथ' म्हणजे त्या संकटात शेजाऱ्याने दिलेला हात. २०२० च्या मार्चमध्ये पहिली साथ आली आणि पुढच्या दोन वर्षांत दुसरी सुटली. पहिलीची आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. दुसरी परत आल्याचे अजून कोणी जाहीर केलेले नाही, आणि ती परत यावी अशी निकडही कोणाला वाटताना दिसत नाही.

दिवाळी अंकात असले अमंगळ कशाला, असे काही वाचक म्हणतील. फराळाच्या ताटाशेजारी स्मशानाची गोष्ट काढू नये, हा संकेत मलाही ठाऊक आहे. पण माझी उभी हयात शाळेत गेली. परीक्षा झाली की उत्तरपत्रिका तपासाव्या लागतात, एवढे आम्हांला कळते. उत्तरपत्रिका न तपासताच सगळा वर्ग वरच्या इयत्तेत ढकलायचा, ही पद्धत शाळेला घातक आहे आणि समाजालाही. कोरोनाच्या परीक्षेला आपण सारे बसलो होतो. निकाल मात्र कोणालाच नको आहे!

सरकारांचा हिशेब पुष्कळांनी मांडला आहे. सरकारी नोंदीप्रमाणे देशात ५ लाख ३० हजारांहून अधिक माणसे दगावली; जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतील जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाखांच्या घरात सांगितला, आणि सरकारने तो अमान्य केला. तो वाद जाणत्यांनी चालवावा. मला प्रश्न विचारायचे आहेत ते ज्यांचा पगार चालू होता, ज्यांच्या कणगीत धान्य होते, ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत होते, त्या शिकल्यासवरल्या माणसांना. म्हणजे तुम्हांला आणि मला.

सुरुवात त्या एका शब्दापासूनच करू. 'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्द आला आणि आपण तत्काळ 'सामाजिक अंतर' असे त्याचे भाषांतर करून मोकळे झालो. खरे तर अंतर हवे होते ते दोन शरीरांत. मार्च २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने 'शारीरिक अंतर' असा शब्द वापरायला सुरुवात केली होती. शरीराने दूर राहा, मनाने जवळ राहा, असा त्यामागचा हेतू होता. आपल्याकडे तो शब्द रुजला नाही. कसा रुजावा? सामाजिक अंतर पाळण्याचे शिक्षण या देशाला बाहेरून घ्यावे लागत नाही. विहिरीपासून स्मशानापर्यंत त्याचा अभ्यास शेकडो वर्षे झालेला आहे. नव्या शब्दाने जुन्या खोडीला डॉक्टरी दाखला मिळाला, इतकेच.

त्याचा पहिला फटका बसला तो 'मुंबईकरां'ना. आपल्या चंदगड, आजरा, गडहिंग्लज, खानापूर या पट्ट्यात मुंबईकर म्हणजे काय हे मी सांगायला नको. गावच्या देवळाचा कळस त्यांच्या वर्गणीतून चढला, यात्रेचा मांडव त्यांच्या पावतीपुस्तकावर उभा राहिला, म्हाताऱ्यांची औषधे त्यांनी पाठवलेल्या पैशांतून आली. २०२० च्या मे महिन्यात हीच माणसे पोराबाळांसह गावी परतू लागली, तेव्हा कित्येक वेशींवर बांबू आडवे बांधलेले होते, रस्त्यांवर चर खणलेले होते, काटेरी झुडपे टाकलेली होती. 'बाहेरच्यांना प्रवेश नाही' असे फलक होते. बाहेरचे! ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे, ज्याची आई परसात वाट पाहते आहे, तो बाहेरचा! शाळांच्या इमारती विलगीकरणासाठी घेतल्या, तर त्यालाही ठिकठिकाणी विरोध झाला. शाळेच्या वर्गखोल्यांत चौदा दिवस राहणाऱ्या कुटुंबांना डबा कोण देणार, यावर तासन् तास वाद चाललेले मी स्वतः ऐकले आहेत. आणि जत्रेची वर्गणी मागायला मात्र पुन्हा त्यांच्याच दारात गेलेले लोकही मी पाहिले आहेत.

भीती खरी होती, हे मी नाकारत नाही. परतणाऱ्यांबरोबर रोग येण्याचा धोका होता. म्हणून तर विलगीकरण हवे होते. परंतु माणसाला चौदा दिवस वेगळे ठेवणे आणि त्याला वेशीवरून हाकलणे यांत फरक आहे. पहिल्यात पाण्याची घागर दारापाशी ठेवली जाते. दुसऱ्यात ती भरलीच जात नाही.

आता सीमेकडे वळू. आपण सीमाभागातली माणसे. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करतो, १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो. भाषेसाठी एकत्र येणे आपल्याला जमते, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण २०२१ च्या फेब्रुवारीत कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे आरटीपीसीआर चाचणीचे दाखले मागू लागले, तेव्हा आपल्या आळीत काय बोलणे चालले होते ते आठवा. 'बरे झाले, तिकडचे तिकडेच राहू देत!' ज्यांना आपण वर्षानुवर्षे 'आपले' म्हणत होतो, ते एका रात्रीत 'तिकडचे' झाले. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. त्याचा दवाखाना इथला, बाजार इथला, लेक इथे दिलेली. नकाशावरची रेघ पुसण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्यांच्या वारसांनी ती रेघ मनात अधिक ठळक करून घेतली.

आणि हा दोष एकट्या मराठी माणसाचा नाही, हेही त्याच दमात सांगतो. मार्च २०२० च्या अखेरीस कर्नाटकाने केरळच्या कासरगोड जिल्ह्याकडून येणारे रस्ते मातीचे ढिगारे टाकून बंद केले. तिथल्या लोकांचा दवाखाना म्हणजे मंगळूर. रुग्णवाहिका अडल्या, उपचाराविना रुग्ण दगावल्याच्या तक्रारी झाल्या, आणि अडथळे हटवण्यासाठी केरळ उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. रुग्णवाहिकेला वाट द्या, हे सांगायला न्यायालय लागावे? इतक्या वर्षांत न सुटलेला सीमाप्रश्न एका बाबतीत मात्र सुटला म्हणायचा: स्वार्थाच्या बाबतीत रेघेच्या दोन्ही बाजूंची माणसे अगदी एकसारखी निघाली.

'गरज सरो वैद्य मरो' ही म्हण आपल्या आज्यांनी कोणत्या अनुभवातून घडवली असेल, ते या काळात समजले. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता आपण गॅलऱ्यांत उभे राहून डॉक्टर-परिचारिकांसाठी थाळ्या वाजवल्या. त्याला महिनाही झाला नसताना चेन्नईत कोरोनाने मृत्यू पावलेल्या एका मेंदूशल्यविशारदाचा दफनविधी जमावाने दगडफेक करून उधळला. सहकारी डॉक्टरला रात्री स्वतःच्या हातांनी खड्डा बुजवावा लागला. त्याच आठवड्यात, २२ एप्रिलला, आरोग्यसेवकांवरचे हल्ले रोखण्यासाठी केंद्र सरकारला १८९७ च्या साथरोग कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती करावी लागली. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या परिचारिकांना 'खोली रिकामी करा' म्हणणारे घरमालक याच देशातले. सायंकाळी थाळी वाजवली, सकाळी नोटीस दिली!

आशा कार्यकर्त्यांचे तेच. मास्क धड नसताना त्या दारोदार फिरल्या, ताप मोजला, शिव्या खाल्ल्या. जुलै २०२० मध्ये कर्नाटकातील आशांनी दरमहा १२ हजार रुपये मानधनासाठी काम बंद केले. त्यांच्या बाजूने किती थाळ्या वाजल्या? मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, तेव्हा मात्र अभिनंदनाचे संदेश आपल्या सर्वांच्या फोनवर फिरले. गौरव फुकट असतो. मानधनाला पैसे पडतात.

एप्रिल-मे २०२१ ची दुसरी लाट म्हणजे आपल्या चारित्र्याची खरी उत्तरपत्रिका. प्राणवायूसाठी माणसे तडफडत असताना ज्यांना साधा तापही नव्हता अशांच्या घरी 'असू दे, लागेल' म्हणून सिलिंडर भरून ठेवलेले होते. रेमडेसिव्हिरच्या कुप्या छापील किमतीच्या कित्येक पटींनी विकल्या जात होत्या. रुग्णालयातील रुग्णांना हे औषध देऊ नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच दिला होता; पण वशिला लावून मिळवलेली वस्तू गुणकारी असलीच पाहिजे, ही आपली श्रद्धा. लसीचीही तीच कथा. मे २०२१ मध्ये अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण खुले झाले, तेव्हा शहरातली चलाख मंडळी फोनवर जागा पकडून खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपुढे मोटारी उभ्या करू लागली. ज्यांच्यासाठी ते केंद्र होते ती माणसे कुंपणाबाहेरून पाहत राहिली, कारण त्यांच्या फोनला बटणेच होती. आणि शेवटी मृतांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे अनुदान मिळू लागले, तर खोटे दाखले जोडून अर्ज आले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये चार राज्यांतील ५ टक्के अर्जांची छाननी करण्यास परवानगी दिली; त्यांत महाराष्ट्र होता. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे ही म्हण मी वर्गात पुष्कळदा शिकवली. तिचा वाक्यात उपयोग असा पाहावा लागेल असे वाटले नव्हते.

शाळांबद्दल थोडे. २५ जून २०२० पासून कर्नाटकात दहावीची परीक्षा झाली; ८ लाखांवर मुले बसली. तोंडावर मास्क, हातावर जंतुनाशक, ठरल्या अंतरावर बाके. मुलांनी जी शिस्त पाळली ती पाहून मी थक्क झालो. परंतु पुढे शाळा बंदच राहिल्या आणि वर्ग फोनवर गेले. ज्या घरात तीन फोन होते त्या घरातले मूल शिकले; ज्या घरात एकच फोन होता आणि तो बापाबरोबर कामावर जात होता, त्या घरातले मूल मागे पडले. शेजारच्या मुलाला आपल्या मुलाबरोबर ओसरीवर अंतर ठेवून बसवावे, असे किती घरांना सुचले? आणि पगार पूर्ण चालू असलेले पालक 'शाळाच नाही तर फी कसली' म्हणून हात वर करीत होते, तेव्हा विनाअनुदानित शाळांतले शिक्षक भाजीच्या गाड्यावर उभे होते. ज्याची कमाईच बुडाली त्याने फी दिली नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार ज्याला देता येत होती त्याच्याबद्दल आहे.

यावर एक उत्तर ठरलेले आहे: 'जिवावर बेतले की माणूस असाच वागतो. पूर्वीही असेच होते.' पूर्वी सारे सोन्याचे होते असे मी म्हणणारच नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात जबरदस्ती झाली, अफवा पसरल्या, रक्त सांडले. १९१८ च्या मानमोडीत घरेच्या घरे बसली. पण त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांना यशवंतरावांच्या दवाखान्यात आणीत होत्या, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. आपल्या शेजारच्या हुबळीत १८९८ मध्ये हजारो लोकांनी हाफकिनची नवी लस टोचून घेतली. प्लेग आला की गावेच्या गावे रानात झोपड्या घालून राहत, हे आपल्या पणज्यांनी पाहिलेले आहे. घर सोडले, पण गाव सोडले नाही. अंतर राखूनही एकत्र राहता येते, हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना ठाऊक होते.

आणि जुने तरी कशाला? २०२१ मध्ये दिल्लीजवळ इंदिरापुरमच्या गुरुद्वाऱ्याने रस्त्यावरच प्राणवायूचा लंगर लावला. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने घरोघर तपासणी करून, रुग्णांना वेगळे ठेवून, त्यांची शेतीभाती सांभाळून त्याच मे महिन्यात गाव कोरोनामुक्त केले. रक्ताच्या नातेवाइकांनी पाठ फिरवलेल्या हिंदू मृतांना अनेक शहरांत मुसलमान तरुणांनी अग्नी दिला. म्हणजे माणूस असाच वागतो, हे खोटे आहे. माणूस सवयीप्रमाणे वागतो. गुरुद्वाऱ्यात चूल शेकडो वर्षे पेटलेली होती. भाकरीऐवजी प्राणवायू वाढायला त्यांना वेगळे शिकावे लागले नाही. हिवरे बाजारला श्रमदानाची तीस वर्षांची सवय होती. ज्यांच्याकडे एकत्र काम करण्याची सवय नव्हती, त्यांच्याकडे संकटात फक्त थाळी निघाली.

'गाव करी ते राव न करी' ही म्हण आपली. पण तो गाव उरला आहे कोठे? वाचनालयात वाचक नाहीत, तालमीत मल्ल नाहीत, मंडळांकडे ध्वनिक्षेपकाला लाखभर रुपये आहेत, पण आळीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. येत्या वर्षी प्रत्येक मंडळाने ती यादी करावी. तिच्यात मराठी आणि कन्नड असे दोन रकाने नसावेत. वर्गणीचा चौथा हिस्सा औषधपाण्यासाठी बँकेत वेगळा ठेवावा. आपल्या आळीत येणाऱ्या आशाताईंचे नाव सर्वांना माहीत असावे आणि त्यांच्या मागण्यांच्या निवेदनावर आपली सही असावी. गावातली शाळा संकटकाळी कोणासाठी उघडायची आणि तिथे डबा कोणी द्यायचा, याचा ठराव ग्रामसभेत आजच व्हावा. आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपापल्या आमदारांकडून एवढे लिहून घ्यावे, की रुग्णवाहिका कोणत्याही नाक्यावर, कोणत्याही कारणाने अडवली जाणार नाही. यातले काहीही खर्चाचे नाही, अवघडही नाही. पुढची साथ येईल तेव्हा हे करायला सवड नसेल. ते आज, फराळ पोटात असताना, करायचे आहे.