ॲमिटी स्ट्रीटवरच्या घराची तरतूद

मा. महापौर आणि नगर परिषद सदस्य,
बॉल्टिमोर शहर, मेरीलँड, यांस,



आपल्या शहरात 203, नॉर्थ ॲमिटी स्ट्रीट इथं विटांचं एक अरुंद, जुनं घर आहे. 1833 ते 1835 च्या सुमारास एडगर ॲलन पो तिथं राहत होता. घर शहराच्याच मालकीचं. तरीही शहरानं पैसे थांबवले आणि सप्टेंबर 2012 मध्ये तिथलं संग्रहालय बंद पडलं. पुढच्या वर्षी ‘पो बॉल्टिमोर’ या संस्थेनं ते पुन्हा उघडलं, ही त्या संस्थेची मोठीच कामगिरी. पण ‘अनुदान तोडलं तरी घर तरलंच की’ असा अर्थ त्यातून कुणी काढू नये, यासाठी हे पत्र.

त्या घरातला संसार कशावर चालत होता, ते आधी पाहावं. पोचे आजोबा डेव्हिड पो यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात सैन्याच्या रसदीसाठी पदरचे पैसे घातले होते. त्यांच्या पश्चात आजी एलिझाबेथ यांना वर्षाला 240 डॉलर निवृत्तिवेतन मिळे. आत्या मारिया क्लेम, तिची मुलगी व्हर्जिनिया आणि स्वतः पो, सगळ्यांचा मुख्य आधार तोच. याच काळात, 1833 मध्ये, ‘बॉल्टिमोर सॅटर्डे व्हिजिटर’नं पोच्या एका कथेला 50 डॉलरचं बक्षीस दिलं आणि त्याच्या गद्यलेखनाला वाट मिळाली. जुलै 1835 मध्ये आजी गेल्या, निवृत्तिवेतन थांबलं. महिनाभरात पो नोकरीसाठी रिचमंडला गेला, आणि काही महिन्यांत आत्या आणि व्हर्जिनियाही त्याच्यापाठोपाठ तिकडे गेल्या.

सार्वजनिक तिजोरीतली लहानशी रक्कम थांबली आणि घर रिकामं झालं, असं त्या पत्त्यावर दोनदा घडलं आहे.

दुसऱ्या वेळची रक्कम होती वर्षाला 85 हजार डॉलर. संग्रहालयानं स्वतःच्या पायावर उभं राहावं, असं शहराचं म्हणणं होतं. पण घराकडे बघून तरी ते म्हणायचं! खोल्या चिमुकल्या, जिना इतका चिंचोळा की वर जाणाऱ्यानं खाली येणाऱ्यासाठी थांबावं. तिकीट पाच डॉलर धरलं, तर तेवढ्या पैशांसाठी वर्षाला 17 हजार माणसं त्या जिन्यावरून चढवावी लागतील. जपायची वास्तू त्या पायांखालीच झिजेल. जेफ जेरोम यांनी 1979 पासून हे घर सांभाळलं होतं. शिल्लक रक्कम आणि चाहत्यांच्या देणग्यांवर ते आणखी दोन वर्षं चाललं, मग कुलूप लागलं. तीन दशकांचा अनुभव असलेला माणूस त्यासोबत घराबाहेर पडला. ते नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्या शहराच्या ‘रेव्हन्स’ संघानं सुपर बोल जिंकला. संघाचं नाव पोच्या कवितेवरून घेतलेलं. सारं शहर त्या नावाचा जयघोष करत असताना पोच्या घराला कुलूप होतं. हे लाजिरवाणं होतं, आणि ते स्पष्टच म्हटलं पाहिजे.

बॉल्टिमोरच्या सामान्य लोकांनी मात्र पोला कधी टाकलं नाही. 1875 मध्ये त्याच्या कबरीवर स्मारक उभं राहिलं, त्यासाठी शाळकरी मुलांनी नाणी जमवली होती. पुढं सरकारी वसाहतीसाठी ॲमिटी स्ट्रीटवरची घरं पाडायची ठरली, तेव्हा एडगर ॲलन पो सोसायटीनं हे एक घर वाचवलं आणि 1949 मध्ये लोकांसाठी खुलं केलं. दर वेळी झोळी पसरली ती नागरिकांनी.

या घराचं देणं दूरवरच्या वाचकांवरही आहे. पोनं 1841 मध्ये द्युपँ हा गुन्ह्याचा माग काढणारा नायक उभा केला. शेरलॉक होम्सच्या लेखकानं ते ऋण मान्य केलं. बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाच्या हातीही त्याच वाटेवरचं साहित्य होतं. म्हणून मुंबई-पुण्याकडूनही हे मागणं आहे.

घराची डागडुजी आणि एका पूर्णवेळ अभिरक्षकाचा पगार, एवढ्या दोन बाबींची कायमची तरतूद शहराच्या अंदाजपत्रकात करावी. ती दरवर्षीच्या काटछाटीतून वगळावी. कार्यक्रम, प्रदर्शनं, देणग्या हे सगळं संस्था बघेल, तेवढं तिनं करून दाखवलं आहे. छप्पर आणि भिंती मालकानं सांभाळाव्यात.

आपले,
पोचे मराठी वाचक